कौतिकाबाईची टाच

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही पानं चुकून कुणाच्या हाती लागली तर चुकलेल्या वेलांट्या आणि उकार त्यानं मनातल्या मनात नीट करून घ्यावेत आणि मला माफ करावं. मी चार माणसांत बोलत नाही. जे बोलायचं राहतं ते पोटात साठतं. कौतिकाबाईबद्दल तर इतकं साठलंय की लिहून काढलं नाही तर माझं डोकं उठेल, आणि डोक्याचं मशीन दवाखान्यातल्या त्या मॅडमकडं नव्हतं.

कौतिकाबाई माझी शेजारीण. चितेगावला आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. ती सगळा जन्म गंगापूरकडच्या माळांवर मेंढरं राखून थकली, मग पोरगा दत्ता कंपनीत लागला म्हणून त्याच्याकडं येऊन राहिली. पण आवाज माळावरचाच राहिला. "सुनंदे, साखर हाय का गं?" असं तिनं भिंतीपलीकडून विचारलं की पलीकडच्या तिसऱ्या खोलीतली बाई साखर घेऊन यायची. दार वाजवणं तिला ठाऊक नव्हतं. यायची, चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलायची, बोट बुडवून चाखायची आणि म्हणायची, "मीठ कमी हाय. नवऱ्यावर रुसलीस व्हय?" नवरा तिथंच जेवायला बसलेला असायचा.

तिचं एक ठाम मत होतं. जे वाजत नाही ते काम करत नाही. कुकरची शिट्टी झाली नाही तर डाळ शिजलेली असली तरी ती खायची नाही. दत्तानं बॅटरीवरची स्कूटर घेतली, तर तिच्यावर ती एकदाही बसली नाही. "बिनआवाजाची गाडी म्हंजी मुकं जनावर," म्हणायची, "कवा लाथ मारंल सांगता येत नाय." आणि मी बोलत नाही म्हणून मलाही ती अर्धवटच समजायची.

अशी ही बाई एका बाबतीत मात्र गप्प. तिची उजवी टाच दुखायची. सकाळी खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की ती भिंतीवर हाताचा पंजा आपटून तोल धरायची. धप्प. माझ्या फळीवरचे डबे हलायचे. रोज. पण "टाच लई दुखती का?" असं विचारलं की चेहरा दगडासारखा करून म्हणायची, "कुनाची?"

गावाकडं तिची स्वतःची मेंढरं होती. बापानं लग्नात दिलेल्या दोन मेंढ्यांची ही पैदास, त्यामुळं तिच्या लेखी ती घरातलीच माणसं. एक गंगी, एक थोरली काळी, एक तर चक्क विहीणबाई, कारण ती सगळ्यांना ढुशी मारायची. तिचा दीर ती सांभाळायचा. पाऊस सरला, दिवाळी झाली की कळप चारायला बाहेर पडतो, आणि तेव्हा कौतिकाबाई चितेगाव सोडून दिरासोबत चालायला जायची. त्या साली दीर थकला होता आणि हिची टाच गेली होती. दत्ता एकदा सगळ्यांसमोर बोलला.

"माय, तुला नळापर्यंत जाववंना. मेंढरामागं काय रांगत जाशील? दिवाळी झाली की व्यापारी आनतो. देऊन टाकू सगळी."

"माझी मेंढरं हायती ती."

"मंग दिवाळीपर्यंत चालून दाव."

"दावते," ती म्हणाली आणि आत गेली. मग भिंत वाजली. धप्प.

त्याच सुमाराला माझा खांदा धरला होता. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी पोळ्या लाटते. हात वर जाईना, केस विंचरता येईनात. डॉक्टरांनी शहरात, शहागंजमधल्या एका फिजिओथेरपीच्या मॅडमचं नाव लिहून दिलं. मला एकटीला जायची लाज वाटत होती, आणि हीच माझी चूक झाली. कौतिकाबाई म्हणाली, "चल, मी येते संगं."

दवाखाना वरच्या मजल्यावर होता, खाली अत्तराचं दुकान. जिना चढताना ती कठड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होती. मॅडम वयानं लहान, पण शांत. त्यांनी आधी हिला चालताना बघितलं, मग खाटेवर घेऊन टाच दाबली.

"आजी, इथं दुखतं?"

"नाय."

"आणि इथं?"

"नाय."

"मग आलात कशासाठी?"

"हिच्यासंगं."

मी खाली फरशीकडं बघत बसले.

आधी माझा खांदा झाला. मॅडमनी गार, चिकट मलम लावलं आणि रुपयाच्या नाण्याएवढं गुळगुळीत मुंडकं खांद्यावर गोल गोल फिरवायला लागल्या. म्हणाल्या, ह्यातून आवाजाच्या लहरी जातात, आत हलकी ऊब येते. खरंच थोडं कोमट वाटत होतं. मी डोळे मिटले. खांद्यावर कुणी इतक्या सावकाश हात फिरवल्याचं मला आठवत नव्हतं. तेवढ्यात कानाशी आवाज आला.

"बाई, तुमचं बटन बंद हाय."

"चालू आहे, आजी."

"मंग आवाज कुठंय?"

"हा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. फार बारीक असतो."

"कुत्र्याला येत आसंल."

"कुत्र्यालाही नाही येत."

"बघ गं सुनंदे! मानसाला येत नाय, कुत्र्याला येत नाय, आन आवाज म्हनत्यात! आवाज आसा आसतो बाई—" असं म्हणून तिनं टाळूला जीभ लावली आणि मेंढरं वळवायची हाळी दिली. काचा थरथरल्या. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. खालचे अत्तरवाले चाचा धावत जिना चढून आले. "क्या हुआ जी? किसकू लगी?"

मला वाटलं, देवा, खांदा असाच जन्मभर धरलेला राहू दे, पण आत्ताच्या आत्ता मला इथून उचल.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी ते मुंडकं पुसलं, उलटं धरलं आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. थेंब थुईथुई नाचायला लागले, त्यातून वाफेसारखे तुषार उडाले. कौतिकाबाई नाक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "पान्याला गुदगुल्या व्हायल्यात. हाय, चालू हाय. पर लई हलकं हाय."

तिच्या टाचेसाठी मॅडमनी दुसरं मशीन सांगितलं. ताज्या लचकीला, आखडलेल्या स्नायूला हे बिनआवाजाचं, असं त्या म्हणाल्या. त्यानं कुणाला बरं वाटतं, कुणाला फारसा फरक पडत नाही, आणि व्यायाम तर करावाच लागतो. पण टाचेखालचा पट्टा वर्षभर दुखून निबर झालेला असेल तर दुसऱ्या मशीनचा उपयोग होऊ शकतो. ते बंदुकीसारखं असतं. आत हवेच्या जोरानं एक बारीक गोळी टोकावर आपटत राहते आणि तिचे दणके लहरींसारखे आत जातात. आठवड्यातून एकदा घ्यायचं. दुखतं, आणि पैसेही जास्त पडतात.

बाकावर एक पँटवाले गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, ह्याच्याही पुढचं मशीन असतं, पुण्याला त्यांच्या मेहुण्याच्या कंबरेला घेतलं. त्यातल्या लहरी कातडीवर न पसरता आत खोलवर एका ठिकाणी जाऊन भेटतात. झालं. कौतिकाबाईला तेच पाहिजे.

मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्हाला त्याची गरज नाही. तुमचं दुखणं वरच्यावर आहे, तितकं खोल नाही."

"म्हंजी माझं दुखनं उथळ हाय व्हय?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दोन पोरं माळावर बाळंत झाले मी. आन ह्या बाईला माझं दुखनं उथळ दिसायलंय!"

तिला जिन्यावरून खाली आणताना माझा नुकताच जरा मोकळा झालेला खांदा परत दुखायला लागला.

पैसे दत्ता देईना. "टाचेवर घालन्यापेक्षा मेंढरं विकलेली बरी," एवढंच त्याचं म्हणणं. संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "सुनंदे, तुझी भिशी लागलीय म्हनं?" अख्ख्या ओळीनं ऐकलं. आता नाही म्हणायला माणसाला तोंड पाहिजे, आणि ते माझ्याकडं नाही. भिशीचे पैसे मी शिलाई मशीनसाठी ठेवले होते, ते बंदुकीच्या मशीनला गेले.

बंदूक सुरू झाली आणि कौतिकाबाईचा चेहरा खुलला. टकटकटकटक, जसं रस्ता खोदायला कुणी आलंय. "हां, ह्ये मशीन!" ती बाकावरच्या लोकांना ओरडून सांगत होती. "ते हिचं मशीन म्हंजी नुसतं लाड. ह्ये कसं, काठीनं हानल्यावानी!" मग तिनं आपलं शास्त्रही ठरवून टाकलं. नव्या दुखण्याला हात फिरवावा, जुन्याला काठी दाखवावी. मॅडम म्हणाल्या, "तसंच काहीसं आहे, आजी. पण एक करा. जिथं सगळ्यात जास्त दुखतं तीच जागा मला सापडायला हवी, आणि जोर किती ठेवायचा तेही तुमच्या बोलण्यावरून ठरतं. तर दुखलं की सांगा."

"नाय दुखत."

"इथं?"

"नाय."

"थोडं पुढं?"

"कायच नाय. हाना बिनधास्त."

असं दर आठवड्याला. मॅडम टाचभर अंदाजानं फिरवायच्या आणि ही छताकडं बघत पडायची. घरी आलं की दुसऱ्या सकाळी भिंत तशीच वाजायची. धप्प. मॅडमनी शिकवलेला व्यायाम ती करायची नाही. टॉवेलनं पाय ओढायचा, पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. "बाटली फिरवून बरं झालं आसतं तर एवढी मशिनं कशाला काढली?" हे तिचं उत्तर. आणि वरून मलाच, "तुझ्या पैशाचं मशीन कायच कामाचं नाय गं."

माझ्या पैशाचं!

मग तिनं कहर केला. दसरा जवळ आला, फरक पडेना, म्हणून मशीनला घरून थोडी मदत करावी असं तिला वाटलं. लंगड्या मेंढीला बिब्ब्याचा चटका देतात, तसा बिब्बा तापवून तिनं आपल्या टाचेला लावला. बाहेरून हा, आतून ते, दोन्हीकडून दुखणं कोंडीत सापडेल असा हिशेब. सकाळी टाचेवर लिंबाएवढा फोड. तशा पायानं ती जिना चढली आणि मॅडमसमोर पाय ठेवला.

मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढला. "आजी, हे काय केलंत? फोडावर मशीन लावता येत नाही. कातडी भरून येईपर्यंत यायचं नाही."

"दिवाळी हाय हो बाई."

"मग हे करायच्या आधी विचारायचं."

कौतिकाबाईनं पाय खाली घेतला. गाडीत पैठण रोडभर काही बोलली नाही. मला इतका राग आला होता की मीही बोलले नाही, पण माझं न बोलणं कुणाला कळतं! चितेगाव आलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "विहीणबाई गाभन हाय. व्यापारी ते बघत नाय." मग फोडाच्या पायानं खाली उतरली.

कातडी भरली तोवर दसरा झाला होता, दिवाळीला जेमतेम तीन आठवडे उरले होते. आम्ही परत गेलो. टकटक सुरू झालं. "दुखतंय?" "नाय." मी पायाशी तिची चप्पल धरून उभी होते. तिचं तोंड बघावं तर माळावरचा दगड. पण माझ्या डोळ्यांसमोर तिचा पाय होता. बंदूक टाचेच्या आतल्या कडेला, थोडी पुढं गेली की तिचा अंगठा असा आत वळायचा, जसं लाजाळूचं पान मिटतं. बंदूक तिथून हलली की अंगठा सुटायचा. परत तिथं आली की परत मिटायचा. आणि वरून ही म्हणतेय, नाय.

माझं डोकं सणकलं. माझी भिशी, माझा खांदा, तो जिना, ते चाचा, तो बिब्बा. माझ्या तोंडून निघून गेलं, "खोटं बोलायलीय ती!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मलाच माझा आवाज अनोळखी वाटला. पण आता निघालाच होता.

"मॅडम, तिच्या तोंडाकडं बघू नका. अंगठ्याकडं बघा. तिथं आलं की अंगठा मिटतो. तिथंच दुखतंय तिला. रोज सकाळी दुखतंय, माझे डबे हलतात."

मॅडमनी बंदूक त्या जागेवर नेली. अंगठा मिटला. त्यांनी जोर थोडा कमी केला आणि तिथंच धरून ठेवली. कौतिकाबाई डोळे वटारून माझ्याकडं बघत होती. तिच्या कपाळावर घाम होता, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

परत येताना ती गाडीत माझ्या शेजारी बसली. मग बोलली. तिच्या मानानं हळू, म्हणजे फक्त अर्ध्या गाडीनं ऐकलं. ती लहान असताना तिच्या पायात बाभळीचा काटा आरपार गेला. ती किंचाळली. कळप बुजला, फुटला आणि दुसऱ्याच्या उभ्या ज्वारीत घुसला. शेतकऱ्यानं तिच्या बापाला चार लोकांत बोल लावले. बापानं तिला मारलं नाही, एवढंच म्हणाला, "राखनारानं आई गं म्हनलं की कळप फुटतो." तेव्हापासून ती कधी म्हणाली नाही. बाळंतपणातही नाही.

"पर दवाखान्यात कुठं मेंढरं होती?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "बाकावर बसली होती की," म्हणाली.

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून अजून राग आला.

त्यानंतर मशीन मोजकंच घेतलं. "दुखतंय" असं ती तरीही कधी म्हणाली नाही. मॅडम तिचा अंगठा बघून चालवायच्या. पण भिंतीपलीकडं सकाळी नवा आवाज यायला लागला, फरशीवर बाटली फिरल्याचा. गर्रगर्र. त्यानंतर धप्प व्हायचं, पण डबे पूर्वीइतके हलेनात. टाच मशीननं सुधारली, बाटलीनं सुधारली, का दिवसांनीच सुधारली, हे मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचं थोडं थोडं." कौतिकाबाईला विचारलं तर म्हणाली, "बिब्ब्यानं."

दिवाळीच्या पाडव्याला ती कुणाला न सांगता निघाली आणि पैठण रोडनं थेट बिडकीनपर्यंत, दोन-अडीच कोस, चालत गेली. तिथून कुणाच्या तरी फोनवरून दत्ताला हुकूम सोडला, "बिडकिनात उभी हाय. बघून जा." दत्ता गेला. परत येताना ती रिक्षात बसून आली.

"माय, परत तर रिक्षात आलीस," दत्ता म्हणाला.

"मंग? मेंढरं काय जाऊन परत येत्यात व्हय? ती पुढंच जात्यात."

दत्तानं रिक्षाचं भाडं दिलं. व्यापारी आला नाही. आणि दुसऱ्या दिवशी कौतिकाबाई गावाला गेली.

भिंत शांत झाली. मला वाटलं होतं, बरं वाटेल. बरं वाटलंही, दोन-चार दिवस. नंतर सकाळी जाग आली की मी डब्यांकडं बघत पडून राहायची.

माझे पैसे ती तुकड्या-तुकड्यांनी पाठवत राहिली. दत्ता म्हणाला होता, मोबाइलवरून टाकतो. तिनं नाही म्हटलं. मोबाइलवर पैसे गेल्याचा आवाज येत नाही. गंगापूरकडून येणाऱ्या कुणाच्याही हाती ती चिंधीत बांधून नोटा द्यायची, आणि सोबत निरोप. "सुनंदीला म्हनावं, खांद्याला लाड करून घे." "म्हनावं, पातेल्यात मीठ टाक." ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही तो दारात उभा राहून मला माझ्या मिठाबद्दल सांगायचा.

त्यानंतर मी तिला एकदाच बघितलं. मावशीकडं वास्तुशांतीला गंगापूरच्या बाजूला निघाले होते, भरलेल्या जीपमध्ये, दोन बायकांच्या मध्ये दबून. वाटेत मेंढरं आडवी आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मेंढरांच्या मागून ती येत होती, काठी खांद्यावर आडवी आणि पदर कमरेला खोचलेला. जीपमध्ये कोण आहे हे बघायची तिला सवयच. वाकून बघितलं आणि ओरडली, "आगं सुनंदे!"

ती खिडकीशी आली. मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही. मान काढून आधी खाली बघितलं. धुळीनं भरलेली चप्पल, त्यात तो अंगठा. सरळ होता.

"टाच?" मी विचारलं.

तिनं मागं मेंढरांकडं एकदा बघितलं, खिडकीत डोकं घातलं आणि माझ्या कानाशी पुटपुटली. हिला पुटपुटता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"सकाळचं दुखतंय थोडं. बाटली फिरवते. ह्यांच्यापुढं बोलू नको."

मग तिनं कमरेची पिशवी सोडली, नोटांची सुरळी काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. "लोकर इकली. ह्ये शेवटचं. मोज."

"राहू दे, घरी मोजते."

"घरी नाय. हितं मोज. ह्या समद्या बायकांपुढं."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बायका मान वळवून बघत होत्या. मी खाली मान घालून मोजल्या. बरोबर होत्या.

"फिटले का?"

"फिटले," मी म्हणाले.

"ऐकू नाय आलं. दवाखान्यात ओरडलीस तवा कसं ऐकू आलं?"

मला असा राग आला की काय सांगू. मी सगळा जोर लावून ओरडले, "फिटले!"

पुढच्या चार मेंढ्या दचकून रस्त्याच्या कडेला उधळल्या आणि त्यांच्यामागं बाकीच्या. कौतिकाबाई काठी उचलून त्यांच्यामागं पळाली. खरंच पळाली. पळता पळता मागं वळून माझ्यावरच खेकसली, "ओरडायलीस कशाला गं भवाने, मेंढरं बुजली की!"

जीप निघाली. शेजारची बाई म्हणाली, "कोन हो ही तुमची?" मी मांडीवरच्या नोटा रुमालात बांधत होते. जे खरं होतं तेवढंच सांगितलं.

"काही देणं होतं तिचं. फिटलं सगळं."